वाचकांचे प्रश्न : तलावावरची शर्यत, वल्ही आणि काहिल

मागच्या अंकात आम्ही एवढंच लिहिलं होतं की कोल्हापुरात एवढं पाणी आहे, रंकाळा आहे, कळंबा आहे, राजाराम तलाव आहे, तर हौशी लोकांची होड्या वल्हवायची शर्यत एखाद्या तलावावर का भरू नये, पेठेतल्या पोरांपासून रिटायर्ड मास्तरांपर्यंत सगळ्यांना उतरता येईल अशी. त्यावर इतके प्रश्न आले की हा महिना सगळा त्यालाच दिला. मी कॉलेजला पुण्यात असताना चार वर्षं रोइंग केलंय, त्यामुळं जे स्वतः करून बघितलंय ते सांगतो आणि जिथं डॉक्टरांचं काम आहे तिथं डॉक्टरांकडंच पाठवतो.

प्रश्न : रोइंग आणि पॅडलिंग एकच का? मी 24 वर्षांचा, तालमीत जातो, खांदे चांगले आहेत, मला काय जमेल? आणि दोन्ही एकाच शर्यतीत घातलं तर ते बरोबर होईल का? (शिवाजी पेठ)

एकच नाही भावा, आणि फरक एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं. रोइंगमध्ये वल्हं होडीच्या कडेला अडकवलेलं असतं आणि तू जिकडं जायचं तिकडं पाठ करून बसतोस, म्हणजे कुठनं आलो ते दिसतं, कुठं चाललोय ते मान वळवूनच बघायचं. पॅडलिंगमध्ये वल्हं सुट्टं, दोन्ही हातात, आणि तोंड पुढं. कयाकच्या वल्ह्याला दोन्हीकडं पातं असतं आणि बसून मारायचं असतं, कनूच्या वल्ह्याला एकच पातं आणि शर्यतीत एक गुडघा टेकून मारतात. केरळात आलप्पुळाला पुन्नमडा तलावावर नेहरू ट्रॉफीला त्या लांबलचक सर्पहोड्या पळतात ना, एकेका होडीत शंभराच्या आसपास माणसं, त्यांची वल्ही पण सुट्टी असतात, म्हणजे ते पॅडलिंगच.

आता तुझ्या खांद्यांचं. रोइंगच्या शर्यतीच्या होडीत सीटला चाकं असतात, सीट पुढं मागं सरकते आणि जोर सगळ्यात जास्त पायाचा लागतो, मग कंबर-पाठीचा आणि हात सगळ्यात शेवटी. तालमीतली पोरं आली की पहिल्या दिवशी हातानंच ओढत बसतात आणि दहा मिनिटात दंड भरून येतात, मी हे इतक्या वेळा बघितलंय. बैठका मारून कमावलेल्या मांड्या तुला जास्त कामाला येतील. क्रम एवढाच लक्षात ठेव, ओढताना पाय, मग पाठ, मग हात, आणि परत पुढं जाताना हात, मग पाठ, मग पाय. पुढं जायला ओढण्यापेक्षा दुप्पट वेळ घ्यायचा, घाई केलीस तर होडी अडते.

जिममध्ये रोइंग मशीन असेल तर त्याच्या बाजूच्या खटक्यावर 1 ते 10 आकडे असतात, तो सगळेजण 10 वर टाकतात आणि मर्दानगी समजतात. तो खटका म्हणजे सायकलच्या गिअरसारखा आहे, आत हवा किती जाणार तेवढंच तो ठरवतो, व्यायाम किती झाला ते तुझ्या जोरावर आहे. 3 ते 5 च्या मधे ठेव, कंबर वाचेल.

पण खरं सांगायचं तर शर्यतीची रोइंगची होडी आपल्याकडं सहजासहजी मिळायची नाही. एका माणसाची होडी 8 मीटरच्या आसपास लांब, वजन जेमतेम 14 किलो, आणि इतकी निमुळती की वल्ही सोडलीस तर तू पाण्यात. त्यामुळं सुरवात कयाकनं कर. आणि दोन्ही एकाच शर्यतीत घालायचं तर गट वेगळे आणि टायमिंग वेगळं, सरळ आहे. जोराच्या होड्या आधी सोडायच्या, हळू नंतर, नाहीतर वळणावर एकमेकांच्या अंगावर येतात, त्यात पाठमोरा बसलेला रोइंगवाला असला की त्याला पुढचं काहीच दिसत नसतंय.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, उतरायची फार इच्छा आहे पण आमच्यातल्या तिघींना पोहता येत नाही. (राजारामपुरी)

ताई, एकट्याच्या होडीत पोहता न येणारं माणूस बसवायचंच नाही, यावर मी तरी अडून बसणार. मोठ्या रुंद होडीत, सोबत नावाडी आणि अंगात लाईफ जॅकेट असेल तर त्या तिघी बसू शकतात. पण शर्यतीला अजून वेळ आहे तर एखाद्या स्विमिंग टँकची बायकांची बॅच धरा आणि पहिल्यांदा फक्त पाठीवर तरंगायला शिका. हात मारणं नंतर. पाठीवर पाच मिनिटं शांत पडून राहता आलं की निम्मी भीती तिथंच जाते.

जॅकेट घालून बघताना एक करा, सगळे पट्टे आवळा आणि मैत्रिणीला दोन्ही खांद्यांजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर आलं, कानाला लागलं तर ते मोठं होतंय, पाण्यात ते वर जाणार आणि तुम्ही खाली राहणार. भाड्यानं मिळतात त्यातल्या कितीतरी जॅकेटांचे पट्टे तुटलेले असतात, बघून घ्या. साडी नको, ओढणी पण नको, पाण्यात पायाला गुंडाळतात. ट्रॅक पँट आणि टीशर्ट, बस्स.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या. घरचे म्हणतात त्या हातानं पाण्याची कळशी पण उचलू नको. तुमचं वाचल्यापासून मनात होडीच येतीय. विचारू की नको असं करत शेवटी विचारतीय. (नाव छापू नये)

बरं केलंत विचारलंत. तुमच्यासारख्याच बायकांची एक गोष्ट आहे आणि ती खरी आहे. पूर्वी डॉक्टर लोकही असंच सांगायचे की काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सारखं सारखं जोराचं काम देऊ नका, हात सुजतो, ती सूज मग जात नाही. कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांना ते पटलं नव्हतं. त्यांनी 1996 साली ऑपरेशन झालेल्या 24 बायका घेतल्या, आधी जिममध्ये हळूहळू ताकद वाढवली आणि मग ड्रॅगन बोटीत बसवलं. ड्रॅगन बोट म्हणजे चिनी पद्धतीची लांब होडी, 20 जण वल्ही मारणारे, पुढं एक ढोल वाजवणारा, मागं एक सुकाणूवाला. सबंध सीझन त्यांनी वल्ही मारली आणि एकीच्याही हाताला नव्यानं सूज आली नाही. आज जगभर अशा बायकांच्या टीम आहेत, त्यांच्या वेगळ्या शर्यती होतात.

म्हणून लगेच उद्या होडीत बसा असं मी म्हणत नाही वहिनी. त्या 24 जणींची पण आधी तपासणी झाली होती, आधी व्यायाम झाला होता. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, मला वल्ही मारायचीत, चालेल का, आणि फिजिओथेरपिस्टकडनं दोन्ही दंडांची मापं घेऊन लिहून ठेवा म्हणजे पुढं जरा जरी फरक पडला तरी कळेल. तलावाच्या पाण्यात त्या हाताला खरचटू द्यायचं नाही, हातमोजे घाला, कारण त्या बाजूला इन्फेक्शन पटकन चढतं. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि घरच्यांना हे पान वाचायला द्या, ते काळजीपोटीच बोलतात.

प्रश्न : आमच्याकडं कयाक नाही आणि ते कुठनं आणायचं ते पण माहिती नाही. पण गुऱ्हाळाची काहिल आहे आणि काहिलीतनं नदी पार करणारी पोरं पण आहेत. शर्यतीत काहिल चालंल का? (करवीर तालुका, नदीकाठचं गाव)

हे पत्र वाचून मी उठून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. चालंल का काय, काहिलीचा गट झालाच पाहिजे! ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, काहिल म्हणजे उसाचा रस उकळून गूळ करायची ती मोठी गोल लोखंडी कढई, आणि पूर आला की नदीकाठच्या गावात तीच पाण्यात सोडतात, त्यातनं वैरण येते, दुधाच्या किटल्या येतात, म्हातारी माणसं येतात. ही वल्हवायची विद्या आपल्या मातीतली आहे आणि ती कुठल्या क्लबात शिकवत नाहीत.

ती अवघड पण आहे. लांब होडी सरळ जाते कारण तिची लांबी तिला वळू देत नाही. काहिलीला ना पुढचं टोक ना मागचं, त्यामुळं एका बाजूनं वल्हं मारलं की ती जागेवरच गरागरा फिरते. शहरातला कयाकवाला काहिलीत बसवा, दहा मीटर जायला त्याला नाकी नऊ येतील. खाली कर्नाटकात हंपीकडं गोल टोपल्यासारख्या होड्या चालवतात त्यांचं बघा, ते बाजूनं मारतच नाहीत, पुढच्या अंगाला वल्हं घालून पाणी स्वतःकडं ओढतात, किंवा पुढंच पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवतात, काहिल पण तशीच चालते. दोघं असतील तर समोरासमोर न बसता शेजारी शेजारी, दोघांची तोंडं पुढं, आणि वल्ही एका ठेक्यात. ठेका चुकला की फिरलीच.

पण एक गोष्ट तुमच्या पोरांना माहिती असंल तरी लिहितो. लाकडाची होडी भरली तरी तरंगत राहते, धरून राहता येतं. काहिल लोखंडाची, पाणी भरलं की सरळ तळाला. त्यामुळं शर्यतीत उतरवायची तर कडेच्या कड्यांना बाहेरनं हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूबा किंवा झाकण घट्ट बसवलेले रिकामे प्लॅस्टिकचे कॅन चारी बाजूंनी बांधायचे, आणि काठाजवळ गळ्याएवढ्या पाण्यात मुद्दाम पाणी भरून बघायचं की बुडती का राहती. राहिली तरच प्रवेश. काहिलीत उभं राहायचं नाही, बूड टेकून बसायचं, आणि दोघांच्या वर माणूस नाही.

दुसरी अडचण हंगामाची. गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतात, एकदा काहिल चुलवाणावर चढली की गुळव्या ती खेळायला सोडणार नाही आणि सोडू पण नये. म्हणजे शर्यत त्याच्या आधी घेतली पाहिजे, हे शेवटच्या प्रश्नात बघू.

प्रश्न : मी 63 वर्षांचा आहे. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलो, पुराच्या पाण्यात उड्या मारल्यात. लाईफ जॅकेट सक्तीचं करणार असाल तर तो आमच्यासारख्यांचा अपमान आहे. (गंगावेश)

काका, तुमच्या पोहण्यावर माझी तिळमात्र शंका नाही. घाटावर शिकलेली माणसं कशी पोहतात ते मी लहानपणापासून बघत आलोय, माझे वडील त्यातलेच. तरीपण जॅकेट सक्तीचंच असावं असं मी म्हणतोय आणि का ते तुम्हाला नीट सांगणं माझं काम आहे.

मी पण पट्टीचा पोहणारा होतो. पुण्यात दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी एकट्याच्या होडीत गेलो, वल्हं पाण्यात वाकडं गेलं आणि अडकलं, त्याची मूठ उलटी येऊन बरगडीत बसली, श्वासच बंद झाला आणि त्याच क्षणी होडी पलटी झाली. पाय होडीतल्या बुटात होते. पोहायचं म्हणजे आधी श्वास पाहिजे ना काका, तोच नव्हता. बुटाची टाच दोरीनं सैल बांधलेली होती म्हणून पाय निघाले आणि मागं कोचची बोट होती म्हणून मला वर घेतलं. त्या दिवशी माझं पोहणं कशालाच कामाला आलं नाही. ऑलिम्पिकमध्ये रोइंगवाले जॅकेट घालत नाहीत हे तुम्ही सांगणार, खरं आहे, पण तिथं शर्यतीच्या मागनं बचावाची बोट पळत असते. आपल्या हौशी शर्यतीत चाळीस होड्यांच्या मागं किती बोटी असणार?

तलाव नदीसारखा पण नसतो. रंकाळ्याचं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षं बघितलंय. वरनं हिरवं गवत दिसतं आणि खाली मुळ्या लोंबत असतात, त्यात पाय अडकला की जोरानं झाडावं तेवढा आणखी गुंडाळतो. तिथं पाठीवर पडून हातानं हळू सरकत बाहेर यायचं असतं आणि तेवढा वेळ वर धरून ठेवायला जॅकेट लागतं. आणि 2019 चा पूर आठवा. तिकडं पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली, त्यात नदीकाठीच जन्म गेलेली माणसं होती. मी ते नाव घेतलं की माझं बोलणं थांबतं, म्हणून इथं पण थांबतो.

एक विनंती. तुम्ही जॅकेट घालून पहिल्या होडीत बसलात तर पेठेतलं एकही पोरगं नको म्हणणार नाही, पोरं आमचं ऐकत नाहीत, तुमच्याकडं बघतात.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची आहे, तिला यात करिअर करायचं म्हणते. उशीर झाला का? आणि हाताला फोड येतात त्याचं काय करायचं? (कागल)

उशीर अजिबात नाही. दत्तू भोकनळ हे नाव तिला सांगा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, प्यायच्या पाण्याची मारामार असलेल्या गावचा पोरगा, विहिरी खणायच्या कामाला गेला, पेट्रोल पंपावर काम केलं, 2012 ला सैन्यात गेला आणि तिथं पहिल्यांदा रोइंग शिकला. चार वर्षात 2016 ला रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे दोन वल्ह्यांच्या एकट्याच्या होडीत, 13 वा आला, आणि 2018 च्या एशियन गेम्सला चौघांच्या होडीत गोल्ड मिळवलं. या खेळात उंची, लांब हातपाय आणि दम लागतो, लहानपणापासूनच पाहिजे असं काही नाही. 13 व्या वर्षी तिला पोहू दे, पळू दे, जड वजनं उचलायला लावू नका.

फोड येणारच. फोडायचे नाहीत, फुटले तर साबणानं धुऊन कोरडे ठेवायचे. वल्हं मुठीत आवळून धरलं की फोड जास्त येतात, बोटं हुकासारखी वाकवून त्यात धरायला शिकवा.

प्रश्न : तलावाच्या पाण्यानं ताप येतो म्हणतात, खरं का? (मंगळवार पेठ)

येऊ शकतो. जनावरांच्या, उंदराच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातनं लेप्टोस्पायरोसिस होतो, अंगावरच्या जखमेतनं किंवा डोळ्या-नाकातनं आत जातो. जखम असेल तर झाकून उतरा, पाणी तोंडात घेऊ नका, बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्यानं अंघोळ. नंतरच्या दोन-तीन आठवड्यात जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी तलावात उतरलो होतो, ते सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर आला असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही.

प्रश्न : आमचं मंडळ शर्यत घ्यायला तयार आहे. महिना कुठला, अंतर किती, काय काय लागेल? (उपनगरातलं एक मंडळ)

पहिल्यांदा तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी, तोंडी नको. प्यायच्या पाण्याचा तलाव असेल तर दुसरा बघा.

महिना मी म्हणेन दसऱ्याच्या पुढं आणि दिवाळीच्या आधी. पाऊस ओसरलेला असतो, तलाव भरलेले असतात, आणि काहिली अजून चुलवाणावर चढलेल्या नसतात. परतीच्या पावसाचं मात्र बघा, तो दुपारनंतर गडगडत येतो. म्हणून सकाळी 7 ला पहिली होडी सोडा आणि 10 च्या आत आटपा, तेव्हा वारं पण पडलेलं असतं. गडगडलं तर सगळे बाहेर आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास कुणी पाण्यात जायचं नाही, मग फायनल राहिली तर राहू दे.

अंतर ऑलिम्पिकला रोइंगचं 2000 मीटर असतं म्हणून तुम्ही तेवढं ठेवू नका. हौशी लोकांना 500 मीटर पुष्कळ, काहिलीला 100. सरळ जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर जाऊन वळसा घालून यायचं, वळणाला मोठा रंगीत बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, आणि सगळ्यांनी तो डाव्या हाताला ठेवूनच वळायचं, हे आदल्या दिवशी पाण्यावर नेऊन दाखवा, माईकवरनं सांगून कळत नाही. वळणावरच सगळ्यात जास्त होड्या उलटतात म्हणून बचावाची एक बोट कायम तिथंच, बाकीच्या फिरत्या. इंजिनाची बोट असेल तर पाण्यातल्या माणसाजवळ जाताना इंजिन बंद. आदल्या आठवड्यात मार्गावरचं केंदाळ काढायला सगळ्या टीम बोलवा, ज्यांना बक्षीस पाहिजे त्यांनी आधी एक सकाळ तिथं द्यावी असं मला मनापासून वाटतं.

ढोल-ताशा काठावर वाजवा, पण स्टार्टच्या वेळी बंद, कारण थांबा म्हणून मारलेली शिट्टी ऐकू आली पाहिजे. अँब्युलन्स उभी राहील तिथं गाड्या पार्क होऊ देऊ नका.

आणि एक साधी वही ठेवा, मोबाईलमध्ये नको, मोबाईल भिजतो. होडीचा नंबर, माणसांची नावं, पाण्यात गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. ती वही एकाच माणसाच्या हातात, आणि चौथा रकाना पूर्ण भरल्याशिवाय त्यानं चहाला पण उठायचं नाही.